बोलीचा अंदाज घडवताना: ब्रिजच्या सरावाच्या नोंदी

१ जून

ठरलेली पद्धत जिथे संपते, तिथून पुढचं हे काम आहे. भिडूने एक इस्पिकचे दोन केले. आता चार बोलायचे, म्हणजे सहा अधिक चार असे दहा हात करायचं कबूल करायचं, की थांबायचं? प्रतिस्पर्धी तीन चौकटवर आहेत. आपण तीन बदाम बोलायचे की त्यांना खेळू द्यायचं? या प्रश्नांची उत्तरं सिस्टिम कार्डावर (जोडीने ठरवलेल्या बोलींच्या पत्रकावर) नसतात. वर्षानुवर्षं खेळूनही ती आपोआप येत नाहीत, कारण एका संध्याकाळच्या खेळात असा खरा निर्णय मोजक्याच डावांत येतो, आणि आला तरी निकाल बघून आपण तो विसरतो.

पद्धत: पाच पानी मेजर (इस्पिक किंवा बदामने उघडायला पाच पानं हवीत), १५ ते १७ पॉइंटचा (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १) एक नोट्रम्प (बिनहुकमी), टू ओव्हर वन (एकच्या बोलीला दोनच्या पातळीवर नवा रंग म्हणजे भरपूर ताकद). काम संपेपर्यंत नवीन कन्व्हेन्शन (खास अर्थ ठरवलेली बोली) घ्यायचं नाही, ही पहिली अट. डाव बिघडला की काहीतरी नवीन घ्यायची ओढ लागते. मग पुढच्या वेळी चूक पद्धतीची होती की अंदाजाची, हे कळायला मार्ग राहत नाही.

खर्च: पत्त्यांचे दोन जोड, एक वही. बाकी वेळच.

वहीत पाच रकाने: आपली पानं, व्हल्नरेबिलिटी (डावागणिक ठरलेली स्थिती; व्हल्नरेबल बाजूला बक्षीस आणि दंड दोन्ही मोठे), तोवरची बोली, निर्णय, आणि गेम (मोठ्या बक्षिसाची बोली, जसं चार इस्पिक) बनण्याची शक्यता टक्क्यांत. टक्के भिडूची पानं बघायच्या आधी लिहायचे. निकाल त्याच ओळीत नको. तो मागच्या पानावर, डावाच्या क्रमांकासमोर. निकाल शेजारी असला की डोळा आधी तिकडेच जातो आणि निर्णय बरोबर होता की चूक हे निकालावरून ठरतं.

५ जून

किती टक्के असले की बोलायचं, हे आधी ठरवलं. याच्याशिवाय टक्क्यांचा रकाना निरर्थक आहे.

टीम गेम (तेच डाव दोन टेबलांवर खेळून तुलना), आपण व्हल्नरेबल. चार इस्पिक बोलले आणि दहा हात झाले तर ६२०. दुसऱ्या टेबलावर दोनवर थांबलेल्यांना १७०. फरक ४५०, म्हणजे १० इम्प (टीम गेममध्ये फरक या गुणांत बदलतात). नऊच झाले तर उणे १००, तिकडे अधिक १४०. फरक २४०, म्हणजे ६ इम्प. १० मिळवायला ६ लावतो, म्हणून ६ भागिले १६: ३७.५ टक्के पुरेत.

व्हल्नरेबल नसताना ४२० विरुद्ध १७०, फरक २५०, ६ इम्प. बुडाल्यावर उणे ५० विरुद्ध १४०, फरक १९०, ५ इम्प. हिशेब ४५ टक्क्यांच्या जरा वर जातो.

जोडीच्या खेळात, म्हणजे मॅचपॉइंटवर, फरक किती मोठा याला किंमत नाही. तिथे सरळ ५०. छोट्या स्लॅमला (बारा हातांची बोली) टीम गेममध्येही ५०. मोठ्या स्लॅमला (तेराही हात) ५६-५७.

३७.५ हा आकडा पाठ करून ठेवणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. त्यात बुडणं एकाच हाताने आणि डबलशिवाय (डबल म्हणजे प्रतिस्पर्ध्यांनी दंड वाढवणं) धरलं आहे. पातळ गेमला हुकूम वाईट फुटले आणि डबल बसून दोन हात कमी पडले, तर उणे ५०० विरुद्ध तिकडचे ११०: एका डावात १२ इम्प गेले. म्हणून हुकूम आठच आणि तेही पोकळ असतील तर वहीत व्हल्नरेबल गेमची रेघ ४० वर ठेवली. हुकूम नऊ असतील तर ३७ चालतील.

११ जून

पहिली सराव पद्धत रद्द. पत्ते पिसून, चौघांना वाटून, पूर्ण बोली करायची आणि अवघड निर्णय आला की वहीत लिहायचं, असं ठरवलं होतं. वेळ भरपूर गेला, वही रिकामी राहिली. बहुतेक डावांत कुणीही खेळलं तरी बोली तीच येते.

दुसरी पद्धत: आपली पानं पक्की करायची, म्हणजे निवडलेली तेरा पानं जोडातून बाजूला काढायची, उरलेली ३९ पिसून तिघांना वाटायची. भिडूची पानं त्याने केलेल्या बोलीत बसत नसतील तर पुन्हा वाटायचं. एका निर्णयासाठी अशी दहा-बारा वाटपं जमली की बरंच दिसू लागतं.

हाताने वाटताना एक मोह टाळायचा. "ही पानं दोन इस्पिकची आहेत की नाहीत" हे चौघांची पानं उघडी ठेवून ठरवलं तर जो डाव आपल्या मताला पोषक तोच बसतो असं वाटतं. भिडूची तेरा पानं एकटी उचलायची, होय किंवा नाही ठरवायचं, मगच बाकीची उघडायची.

१८ जून

वाटप आता संगणकावर. ब्रिज बेस ऑनलाइन या संकेतस्थळावर सरावाच्या टेबलाला अटी घालून डाव वाटता येतात. बो हॅग्लंड यांचा डबल डमी सॉल्व्हरही (चौघांची पानं बघून किती हात होतात ते काढणारा प्रोग्रॅम) मोफत आहे. अटी लिहिणं हेच खरं काम निघालं. दोन जागी आकडे फसले, दोन्हींचं कारण अटींतली भोकं.

पहिलं भोक भिडूच्या बाजूचं. "तीन किंवा जास्त इस्पिक, ६ ते ९ पॉइंट" एवढीच अट घातली, त्यामुळे पाच इस्पिक आणि एकपानी किलवर असलेली पानंही दोनच्या बोलीत आली. तशा पानांवर भिडू सरळ चार बोलला असता. चार पानी आधार आणि एकपानी रंग असला की त्याला इन्व्हिटेशनचा (भिडूला गेमचं आमंत्रण देणाऱ्या बोलीचा) रस्ता आहे. अशी पानं मिसळल्यावर सगळेच गेम बनताना दिसतात आणि अंदाज फुगतो.

दुसरं भोक जास्त महाग पडलं: प्रतिस्पर्ध्यांवर अटच नव्हती. एक इस्पिक, पास, दोन इस्पिक, पास ही बोली झाली असेल तर ते दोन पासही माहितीच आहेत. डावीकडच्याकडे १४ पॉइंट आणि चांगले सहा बदाम असते तर तो गप्प बसला नसता. उजवीकडच्याकडे इस्पिक एकच आणि बाकी तिन्ही रंग भरलेले असते तर त्याने (भिडूला रंग बोलायला सांगणारं) डबल दिलं असतं. गप्प राहिलेल्यांकडे पानं सपाट असण्याची शक्यता वाढते, म्हणजे हुकूमही जरा बरे फुटतात. बाहेर पाच हुकूम असताना ३-२ फुटण्याची शक्यता मुळात ६८ टक्के आहे, ४-१ ची २८, ५-० ची ४. हे आकडे बोली ऐकायच्या आधीचे. दोघं पास झाले असतील तर पहिला वाढतो, कुणी मध्ये बोललं असेल तर घटतो.

२४ जून

आता प्रत्यक्ष पानं. पॉइंट दोन्हीकडे १४, बोली दोन्हीकडे एक इस्पिक – दोन इस्पिक.

क: इस्पिक एक्का-राजा-९-७-४, बदाम एक्का-१०-८-३, चौकट राजा-९-५, किलवर ६.

ख: इस्पिक राजा-राणी-७-४-२, बदाम राणी-गुलाम-३, चौकट राजा-गुलाम-५, किलवर राणी-४.

जाणारे हात मोजण्याच्या पद्धतीने (प्रत्येक रंगात नसलेले एक्का, राजा, राणी मोजून) क चे सहा, ख चे सात. ख वर पास, त्यात विचार करण्यासारखं काही नाही. राण्या आणि गुलाम हुकमाच्या खेळात उशिरा कामाला येतात. तोवर प्रतिस्पर्ध्यांचे एक्के-राजे चालून गेलेले असतात. ४-३-२-१ ची मोजणी एक्क्याला कमी आणि राणी-गुलामाला जास्त किंमत देते. दोन पानांतली राणी-४ ही किलवरची जोडी दोन पॉइंट दाखवते, पण हुकमाच्या खेळात तिचा एक पॉइंट धरला तरी पुष्कळ.

क वर मात्र थांबावं लागतं. भिडूची दोन पानं बघा, दोन्ही ९ पॉइंटची:

पहिली: इस्पिक राणी-८-३, बदाम राजा-राणी-५-२, चौकट राणी-७-४, किलवर ९-५-३.

दुसरी: इस्पिक राणी-८-३, बदाम ९-५-२, चौकट राणी-७-४, किलवर राजा-राणी-५-३.

फक्त बदाम आणि किलवर अदलाबदल. पहिल्यात किलवरचा एक आणि चौकटचे दोन हात जातात, बस. इस्पिक ३-२ आणि बदाम ३-२ फुटले की दहा हात. ६८ गुणिले ६८, साधारण ४६ टक्के, शिवाय गुलाम सोयीचा पडला तर ४-१ लाही वाट निघते. टीम गेममध्ये हा गेम व्हल्नरेबल असो वा नसो, बोलायचाच. दुसऱ्यात इस्पिकचे पाच, बदामचा एक्का, चौकटचा एक, किलवरचा एक असे आठ हात दिसतात आणि नवव्यासाठी झगडावं लागतं. किलवरचे राजा-राणी, पाच पॉइंट, आपल्या एकट्या छक्क्यासमोर वाया.

म्हणजे प्रश्न "माझे पॉइंट किती" हा नसून "भिडूचे पॉइंट कुठे" हा आहे. त्यासाठी तीन बदामची मदत मागणारी बोली आहे: माझ्याकडे बदामात जाणारे हात आहेत, तुझ्याकडे भर असेल तर चार बोल. पहिल्या पानांवर भिडू उडी मारतो, दुसऱ्यावर तीन इस्पिकवर थांबतो.

या बोलीची किंमतही आहे. बचाव करणाऱ्यांना आपण कुठे दुबळे ते समजतं आणि लीड (पहिलं पान) तिथेच येतो. म्हणून क मध्ये चौकटचा राजा एक्का असता तर काही न विचारता चार बोलायचं ठरवलं. विचारणं फक्त तेव्हाच, जेव्हा भिडूच्या उत्तराने निर्णय खरंच बदलेल.

२ जुलै

टक्क्यांच्या रकान्याची तपासणी. "४० ते ६०" असे पट्टे लिहिलेल्या ओळी काढून टाकल्या. पट्टा लिहिला की कधीच चुकत नाही, म्हणून शिकताही येत नाही. एकच आकडा, पाचाच्या पटीत.

वहीतल्या सगळ्या "४०" च्या ओळी एकत्र करून त्यातले किती गेम बनले ते मोजायचं, ही कल्पना बरोबर आहे, पण घाई नडते. अशा २५ ओळींत निव्वळ योगायोगाने १० टक्के इकडेतिकडे सहज होतात. १०० ओळींत ५. खेळातून एवढ्या ओळी जमायला फार काळ लागेल. त्यापेक्षा एकाच पानांवर अटी घालून ४०० डाव वाटले की फरक अडीच टक्क्यांवर येतो आणि काही मिनिटांत आपला आकडा कुठे चुकला ते दिसतं. अंदाज पक्का करायला वही अशीच वापरावी: टेबलावर आकडा लिहायचा, घरी ४०० डावांशी ताडायचा. दोन्हींत १० पेक्षा जास्त अंतर असेल तर कारण एका वाक्यात लिहायचं: "एकपानी रंगासमोरचे पॉइंट धरले," "नववा हुकूम मोजला नाही."

९ जुलै

सॉल्व्हरवर आंधळा विश्वास नको. त्याला चारही हातांतली पानं दिसतात, आणि ते दोन्ही बाजूंना दिसतं.

तीन नोट्रम्पमध्ये हे बचावाच्या फायद्याचं. सॉल्व्हर दर वेळी मारक लीड काढतो. टेबलावर लीड अंधारात पडतो. म्हणून खऱ्या खेळात तीन नोट्रम्प सॉल्व्हर सांगतो त्यापेक्षा जास्त वेळा बनतात. स्लॅममध्ये उलटं: एक्का-गुलाम-१० समोर राजा-९-२ असेल तर राणी कुठल्याही बाजूला असो, सॉल्व्हर तिला पकडतोच. माणसाला कौल लावावा लागतो.

सॉल्व्हरचा आकडा वहीत तसाच लिहायचा, बाजूला बाण: नोट्रम्प गेमला वर, राणी शोधावी लागणाऱ्या स्लॅमला खाली. बाणाला आकडा द्यायच्या फंदात पडलो नाही. त्याऐवजी काठावरच्या पानांचे काही डाव भिडूने लीड काढून, बंद पानांनी, प्रत्यक्ष खेळायचे.

१९ जुलै

तीनवर तीन. आपण एक बदाम – दोन बदाम, ते तीन चौकटवर. कुणीच व्हल्नरेबल नाही.

इथे झाँ-रेने व्हेर्न यांनी मांडलेला नियम हाताशी: दोन्ही बाजूंचे मिळून जितके हुकूम, साधारण तितकेच दोन्ही बाजूंचे मिळून हात. ओपनरकडे (पहिली बोली करणाऱ्याकडे) सहा बदाम, भिडूकडे तीन, म्हणजे आपले नऊ. त्यांचे चौकट आठ असतील तर एकूण १७. त्यांना नऊ झाले तर आपल्याला आठ: उणे ५०, नाहीतर उणे ११० घ्यावे लागले असते. त्यांना आठ झाले तर आपल्याला नऊ: अधिक १४०, नाहीतर ५०. दोन्हीकडे तीन बदामच बरे. ओपनरकडे बदाम पाचच असतील तर एकूण १६, आणि दोघांनाही आठ-आठ होणाऱ्या डावात आपण अधिक ५० सोडून उणे ५० घेतो.

नियम वापरताना सतत फसणारी जागा: आपले हुकूम मोजले जातात, त्यांचे "असतील आठ" म्हणून सोडले जातात. ते मोजता येतात. माझ्याकडे चौकट तीन असतील तर त्यांचे आठच असण्याकडे कल. एकच असेल तर नऊ धरावेत. आणि नियम नुसती पानं मोजतो, दर्जा नाही. त्यांच्या रंगात माझे राणी-गुलाम-३ असतील तर बचावात त्या पानांचा एक हात होतो, आपल्या हुकमात शून्य. अशा वेळी एकूणातून एक वजा. दोघांचा दुसरा रंगही जुळत असेल तर एक अधिक.

व्हल्नरेबल असताना जोडीच्या खेळात उणे २०० म्हणजे जवळपास शून्य गुण. डबलमध्ये एक हात कमी किंवा डबलशिवाय दोन. पार्टस्कोअरच्या (गेमखालच्या बोलींच्या) भांडणात इतर टेबलांवर ११०, १४० चे आकडे असतात. २०० त्या सगळ्यांच्या खाली. म्हणून तिथे नऊ हुकमांवरही त्यांच्या रंगातले पॉइंट तपासूनच तीन.

२८ जुलै

बळीची बोली. ते चार इस्पिकवर, आपण पाच किलवर बोलून डबलमध्ये बुडायचं का? टीम गेम, ते व्हल्नरेबल, आपण नाही. त्यांचा गेम ६२०.

एक हात कमी: उणे १००. गेम बनणारा असेल तर ५२० वाचले, ११ इम्प. तो बुडणारच होता तर १०० सोडून १०० दिले, ५ इम्प. ३१ टक्के खात्री पुरे.

दोन कमी: उणे ३००. फायदा ८ इम्प, फुकट गेल्यास तोटा ९. ५३ टक्के.

तीन कमी: उणे ५००. फायदा ३ इम्प, तोटा १२. ८० टक्के.

शेवटची ओळ वाचून पुष्कळांना धक्का बसतो. "५०० म्हणजे ६२० पेक्षा कमी, मग फायद्यातच" हा हिशेब फक्त त्यांचा गेम नक्की बनतो असं धरून आहे. चार इस्पिक ऐकून ते बनतीलच अशी ८० टक्के खात्री टेबलावर क्वचित असते. कुणीच व्हल्नरेबल नसेल तर गेम ४२० चा. तिथे दोन कमी झाले तरी फायदा ३, तोटा ८, म्हणजे ७३ टक्के हवेत.

वहीतली कृती त्यानुसार बदलली. आता बळीआधी दोन आकडे लिहायचे: आपले किती हात कमी, आणि त्यांचा गेम किती टक्के. आपल्याकडे त्यांच्या हुकमात राणी-१०-३ किंवा त्यांच्या बाजूच्या रंगात एक्का-राणी असेल तर दुसरा आकडा ६० च्या वर लिहिणं बंद.

६ ऑगस्ट

तिसऱ्याचं मत घेण्याची रीत. निकाल सांगून विचारलं की उत्तर निकालाच्या बाजूने येतं. फक्त पानं, व्हल्नरेबिलिटी, खेळ टीमचा की जोडीचा, आणि बोली. प्रश्न एकच: "काय बोलाल?" "पास कराल का?" असं विचारलं तरी कल कळतो. पाच जणांपैकी चार एकच बोलले तर तो काठावरचा निर्णय नव्हताच, वहीतून काढावा.

सरावात बोलीची गती सारखी ठेवणं या कामाला फार आवश्यक निघालं. भिडू रेंगाळून पास झाला की त्याच्याकडे काहीतरी आहे हे कळतं, आणि आपण पानांवरून नाही, त्याच्या रेंगाळण्यावरून तीन बोलायला शिकतो. ते ब्रिजच्या नियम १६ खाली बेकायदेशीर तर आहेच, पण अंदाजाचंही वाटोळं करतं, कारण वहीतले टक्के दुसऱ्याच माहितीवर उभे राहतात. सरावाला मध्ये पुठ्ठ्याचा पडदा, बोली चिठ्ठीवर, प्रत्येक चिठ्ठी सारख्याच अंतराने.

१४ ऑगस्ट

११ पॉइंटची ओपनिंग. दोन लांब रंगांची पानं अधिक पॉइंट मिळून २० झाले की उघडायचं, हा सोपा नियम दोन्ही पानांना होकार देतो: इस्पिक एक्का-राजा-१०-६-३, बदाम एक्का-१०-९-४, चौकट ८-५, किलवर ७-२, आणि इस्पिक राणी-८-६-४-३, बदाम गुलाम-७-५-२, चौकट राजा-राणी, किलवर राजा-४. पहिली डोळे मिटून उघडायची. दुसरीवर पास: आठ पॉइंट दोनपानी रंगांत अडकले आहेत. भर घातली ती एवढीच: २० मोजताना लांब रंगांत निम्म्याहून कमी पॉइंट असतील तर २१ हवेत.

२३ ऑगस्ट

पुढचा निर्णय: आपण व्हल्नरेबल, ते नाहीत; आपण चार इस्पिकवर, ते पाच किलवरचा बळी देतात. डबल की पाच इस्पिक? टीम गेमचा हिशेब: पाच किलवर दोन हातांनी पडत असेल तर ३०० विरुद्ध ६५०, मिळकत ८ इम्प, पाच इस्पिक एकाने बुडाले तर तोटा ९. म्हणजे अकरा हातांची ५३ टक्के खात्री. तीन हातांनी पडत असेल तर मिळकत ४, तोटा १२, खात्री ७५ टक्के. बहुतेक वेळा डबलच.

पण इथे टक्के लिहायच्या आधी पासचा अर्थ ठरवावा लागला, नाहीतर एकाचा पास "मला काही नाही" असतो आणि दुसरा तो "तू ठरव" असा वाचतो. ठरलं ते असं: आपण इन्व्हिटेशन किंवा गेमफोर्सिंग (गेमआधी थांबू न देणाऱ्या) बोलीने, म्हणजे ताकद दाखवून, गेमवर पोचलो असलो तर पास फोर्सिंग (भिडूने डबल किंवा पुढची बोली करायलाच हवी), एक इस्पिकवर सरळ चारची अडवणूक केली असेल तर पास म्हणजे पास. फोर्सिंग पासच्या वेळी त्यांच्या रंगात एकपान किंवा कोरा असेल तर पास, दोन किंवा जास्त हरणारी पानं असतील तर लगेच डबल.

वाटपाच्या अटी लिहून तयार: ओपनर पाच किंवा सहा इस्पिक, १३ ते १६ पॉइंट, भिडू चार इस्पिक, १० ते १२, डावीकडचा सहा किंवा जास्त किलवर, १२ च्या आत, उजवीकडचा तीन किलवर. ओपनरकडच्या किलवरची संख्या शून्य, एक, दोन अशी वेगवेगळी ठेवून तीन गट, प्रत्येकी ४०० डाव.